डोंगरावरच्या हटमध्ये पहिल्यांदा कामाला जाताना

मुदत संपायच्या आत हट, म्हणजे डोंगरवाटेवरचं पाहुण्यांच्या मुक्कामाचं घर, सोडून खाली गेलेली चार माणसं मी पाहिली आहेत. चौघंही चालायला दणकट. एकाच्या घरची वीज बिल थकल्यामुळे तोडली गेली होती आणि फ्रीजमध्ये त्याच्या आईचं इन्सुलिन होतं. एकीची दाढ ठणकायला लागली. एकाचा घरभाड्याचा करार मधेच संपला. चौथा घरच्यांशी रोज बोलल्याशिवाय झोपू शकत नव्हता आणि वर नेटवर्क नव्हतं. चढाने यांपैकी कुणालाच हरवलं नाही. खाली जे मिटवायचं राहिलं होतं, ते यांच्या मागोमाग वर आलं.

म्हणून या लेखात बूट आणि जॅकेटपेक्षा घराबद्दल जास्त लिहिलं आहे. दीड-दोन महिने किंवा अख्खा हंगाम दूरच्या हटवर स्वयंपाकी, मदतनीस, राखणदार किंवा स्वयंसेवक म्हणून जायचं ठरवलं असेल आणि याआधी कधी गेला नसाल, तर हे तुमच्यासाठी आहे.

आधी विचारून घ्या

हट म्हणजे नेमकं काय, हे जागेप्रमाणे फार बदलतं. स्विस आल्पाइन क्लब १८६३ साली स्थापन झाला. आज त्याच्या सुमारे दीडशे हट आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हंगामात हटचालक आणि त्याचे मदतनीस राहून पाहुण्यांना गरम जेवण देतात. नॉर्वेत काही हटमध्ये माणसं नेमलेली असतात, तर काही ठिकाणी कपाटात कोरडा शिधा ठेवलेला असतो. येणारा स्वतः शिजवतो, वहीत नोंद करतो आणि विश्वासावर पैसे भरतो. न्यूझीलंडमध्ये हट-वॉर्डनचं मुख्य काम स्वयंपाकाचं नसतंच. हवामानाचा अंदाज फळ्यावर लिहिणं, तिकिटं पाहणं, रस्त्याची खबर देणं, स्वच्छता राखणं ही त्याची कामं. अमेरिकेतल्या व्हाइट माउंटन्समध्ये तरुण कर्मचारी ताजा शिधा लाकडी चौकटीवर बांधून पाठीवरून वर नेतात. आणि इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेजवळची ४,५५४ मीटरवरची मार्गेरिटा हट, जी १८९३ साली सुरू झाली, तिथे तर नुसतं जिने चढणं हेसुद्धा काम असतं.

त्यामुळे होकार देण्याआधी फोनवर थेट विचारा. हट किती मीटरवर आहे? सर्वांत जवळचा गाडीरस्ता किती तासांवर? पाणी झऱ्याचं, बर्फ वितळवून की टाकीतलं? सामान खेचरावरून येतं, हेलिकॉप्टरने की आपल्या पाठीवरून? भरगर्दीच्या रात्री किती पाहुणे असतात आणि कामाला किती हात? आठवड्याला सुट्टी मिळते का, आणि त्या दिवशी खाली उतरता येतं का? विमा कोण काढतं, आणि त्यात डोंगरातून उचलून आणण्याचा खर्च धरला आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तोच आधी विचारा. उत्तर लेखी घ्या.

आणखी एक प्रश्न मी हमखास विचारते: गेल्या हंगामात काम केलेल्या एखाद्याशी बोलता येईल का? ‘हो’ म्हणून लगेच नंबर देणाऱ्या ठिकाणी मी डोळे झाकून गेले आहे. टाळाटाळ झाली, तिथे गेले नाही.

घर मिटवणं

याला किमान तीन आठवडे द्या. मी एक कोरी वही घेते आणि आठवडाभर दिवसातून जे-जे घडतं, ते लिहीत जाते: कुठल्या दिवशी कुठलं बिल आलं, कुणाचा फोन आला, कुठलं झाड पाणी मागत होतं, कुठल्या गोळ्या संपत आल्या. आपल्या हाताला सवय झालेल्या गोष्टी आठवून यादी केली की निम्म्या सुटतात. घडताना टिपल्या की सुटत नाहीत.

मग प्रत्येक ओळीपुढे एक नाव लिहायचं. बिलं आपोआप खात्यातून जातील अशी सोय करा, पण तेवढ्यावर थांबू नका. खात्यात पैसे आहेत ना, हे महिन्यातून एकदा पाहणारा माणूस हवाच. बँकेचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो आणि मोबाइल तर डोंगरावर, हे विसरू नका. असे सगळे व्यवहार निघण्याआधी उरका किंवा कायदेशीर अधिकारपत्र करून विश्वासातल्या माणसाकडे द्या. पासवर्ड कुणाला मेसेजवर पाठवू नका. बंद पाकिटात लिहून एका माणसाकडे ठेवा आणि परत आल्यावर बदला.

घर रिकामं राहणार असेल तर पाण्याचा मुख्य कॉक बंद, गॅसचा रेग्युलेटर काढलेला, फ्रीज रिकामा आणि दार किंचित उघडं. किल्ल्या दोघांकडे ठेवा, एकाकडे नाही. म्हातारं माणूस, मूल किंवा जनावर मागे राहत असेल, तर त्यांची जबाबदारी घेणाऱ्याला ‘लक्ष ठेव’ एवढंच सांगून निघू नका. कुठली गोळी, कुठल्या वेळी, कुठल्या डॉक्टरांकडे, पैसे कुठे, हे एका कागदावर लिहून त्या कागदाची सोबत बसून उजळणी करा. आणि तुम्ही असतानाच एक अख्खा आठवडा त्यांना ते करू द्या. काय अडतं, ते त्या आठवड्यातच कळतं.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. पहिल्यांदा निघाले तेव्हा मी आईला म्हणाले होते, “रोज फोन करेन.” पहिले सहा दिवस केला. हटपासून वीस मिनिटं वर एका खडकाशी रेंज यायची, तिथे रोज संध्याकाळी जायचे. सातव्या दिवशी वारा इतका सुटला की दार उघडायला दोघं लागायचे. तो तीन दिवस थांबला नाही. चौथ्या दिवशी खडकाशी पोचून फोन लावला. आईने उचलला, पण कितीतरी वेळ तिला बोलताच येईना. तीन दिवस ती फोन उशाशी घेऊन बसली होती. जेवली नव्हती. तिला काहीच झालं नव्हतं, मलाही काही झालं नव्हतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं ते फक्त माझ्या त्या एका वाक्यामुळे.

तेव्हापासून मी घरच्यांना वचन वेगळ्या शब्दांत देते. शांततेचा अर्थ आधीच ठरवून घेते. ‘माझा फोन आला नाही म्हणजे मी कामात आहे. काही बिघडलं तर वरून हटच्या खालच्या कार्यालयाला वायरलेस जाईल आणि कार्यालय तुम्हाला कळवेल. दहा दिवस काहीच कळलं नाही, तर या नंबरवर फोन करा.’ हे तिन्ही कागदावर लिहून घराच्या दाराशी लावा. दहाऐवजी किती दिवस धरायचे, ते तुमच्या हटच्या संपर्काप्रमाणे ठरवा, पण आकडा हवाच. आकडा नसला की काळजीला काठ राहत नाही.

उलट दिशेनेही ठरवा. घरून कुठली बातमी तुम्हाला लगेच हवी आहे आणि कुठली परत आल्यावर चालेल? जवळचं कुणी आजारी पडलं तर कळवायचं का? गेलं तर? हे बोलणं अवघड आहे. निघण्याच्या आदल्या रात्री हा विषय काढू नका, घाईत तो नीट होत नाही. दोन आठवडे आधी, जेवणं झाल्यावर, सगळे बसलेले असताना काढा.

शरीराची तयारी

दाताच्या डॉक्टरांकडे जा. दुखत नसलं तरी जा. खाली दोन दिवसांत मिटणारी दाढ वर रात्रभर रडवते आणि खाली उतरायलाच एक दिवस जातो. नेहमीची औषधं मुदतीपेक्षा दोन आठवडे जास्तीची घ्या, आणि चिठ्ठीची प्रत सोबत ठेवा. धनुर्वाताची लस कधी घेतली होती, ते पाहा. चष्मा असेल तर दुसरा घ्या.

चालण्याचा सराव करताना सगळे चढाकडे लक्ष देतात. गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर असते, तीही पाठीवर ओझं घेऊन. महिनाभर आधीपासून आठवड्यातून तीनदा, पाठीवर हळूहळू वजन वाढवत, जिना किंवा टेकडी उतरा. सामान पाठीवरून न्यावं लागणाऱ्या हटसाठी हे टाळूच नका. बूट नवे असतील तर किमान दोन-तीन आठवडे वापरून पायाला बसवा. चालताना पायात कुठे गरम वाटायला लागलं की तिथल्या तिथे थांबून पट्टी चिकटवा. तो फोडाचा पहिला निरोप असतो.

उंची २,५०० मीटरच्या पुढे असेल, तर शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्यावी लागते. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, ही सर्वमान्य रीत आहे. तुम्ही किती तंदुरुस्त आहात याचा इथे फारसा संबंध नाही. रोज पळणाऱ्यालाही उंची लागते, म्हणजे विरळ हवेने आजारपण येतं, आणि पळणारा जोरात चढतो म्हणून जरा लवकरच लागते.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, थकवा ही सुरुवात. ही लक्षणं जाईपर्यंत आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागणं, छातीत घुरघुर, किंवा सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता न येणं, ही लक्षणं दिसली की सकाळची वाट न पाहता खाली उतरवायचं. औषधाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. पहिल्या काही रात्री झोपेच्या गोळ्या आणि दारू वर्ज्य.

सॅक

दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याशी २० अंश असतील तर दोन हजार मीटर वर गेल्यावर सात, आणि वाऱ्यात त्याहून कितीतरी कमी जाणवतात. कपडे थरांत घ्या: अंगालगत लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल, मधे उबेचा थर, वर वारा-पाऊस अडवणारं. सुती कपडे भिजले की वाळत नाहीत आणि ऊब ओढून घेतात. पण स्वयंपाकघरात चुलीपाशी उभं राहायचं असेल, तर तिथे एक सुती सदरा हवा. सिंथेटिक कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मनगटावर अजून खूण आहे.

हटमध्ये बूट दाराशी काढतात, म्हणून आत वापरायला जाड तळव्याच्या सपाता घ्या. झोपायला स्वतःचं लायनर, म्हणजे अंथरुणात घालायची पातळ कापडी पिशवी. इअरप्लग. हेडटॉर्च आणि तिचे जादा सेल. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून फोन आणि पॉवर बँक रात्री झोपण्याच्या पिशवीत घ्या, आणि गोठवणाऱ्या थंडीत लिथियम बॅटरी चार्जिंगला लावू नका. आधी ती खोलीच्या उबेला येऊ द्या. उन्हाचा चष्मा विसरलात तर अर्ध्या वाटेवरूनही परत फिरा. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजं बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत डोळ्यांवर फेकतं. डोळे त्या क्षणी दुखत नाहीत, काही तासांनी, रात्री दुखायला लागतात, वाळू गेल्यासारखे.

जड वस्तू पाठीलगत, खांद्यांच्या पात्यांच्या मधे. पावसाचा कोट सर्वांत वर. सॅकवर कव्हर असलं तरी आतल्या सगळ्या गोष्टी जाड प्लॅस्टिक पिशवीत भरा, कारण जोराच्या वाऱ्यात कव्हर उडून जातं. आणि घरची एक वस्तू घ्या, जिचा काही उपयोग नाही. मी चहाचा माझा कप नेते. वजन वाढतं, तरी नेते.

पहिले तीन दिवस

पोचल्या संध्याकाळी आपण किती कामाचे आहोत, हे दाखवायची घाई होते. तसं करू नका. पाणी प्या, गरम काही खा, लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी जुन्या माणसाच्या मागे फिरा आणि पाच गोष्टी स्वतःच्या हाताने करून पाहा: पाण्याचा मुख्य कॉक, गॅसचा कॉक, विजेचा मुख्य स्विच, अग्निशामक, वायरलेस. डोळे मिटून त्यांच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे, कारण गरज लागते तेव्हा बहुतेक अंधारच असतो.

तिसऱ्या दिवशी हटभोवती उजेडात एक चक्कर मारा. संडासाची वाट, झऱ्याची वाट, कडा कुठे सुरू होतो, धुकं आल्यावर कुठला खडक ओळखीचा राहील. धुक्यात संडासाहून परतताना माणूस चुकतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोरी बांधलेली असेल तर धरून चला.

रोजचं काम

हटवरचा बराचसा दिवस डोंगर चढण्यात जात नाही. घर चालवण्यात जातो. पाणी, आग, भांडी, अंथरुणं, संडास. घरकाम मनापासून करणारा माणूस इथे रमतो.

पाणी उंचीवर लवकर उकळतं, पण कमी तापमानाला. ३,००० मीटरवर ते साधारण ९० अंशांनाच उकळायला लागतं. त्यामुळे कडधान्यं, बटाटे शिजायला खूप वेळ घेतात. कडधान्यं आदल्या दिवशी भिजवा, प्रेशर कुकर असेल तर तो जिवापाड जपा, आणि त्याची शिट्टी व रिंग रोज धुऊन तपासा. पिण्यासाठी पाणी उकळायचं असेल तर २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं खदखदू द्या; खाली एक मिनिट पुरतं.

गॅस थंडीत मंद होतो, तेव्हा सिलिंडर संपला असं समजून फेकू नका. ब्युटेन शून्याच्या थोडं खाली गेलं की वायुरूप घेतच नाही. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत चालतो. थंड जागी कुठला सिलिंडर जोडलाय, ते लेबल पाहून जोडा. सिलिंडर आगीजवळ नेऊन गरम करण्याचा विचारही नको.

शेगडीची राख. तिच्याबद्दल जरा थांबून सांगते. माझ्या दुसऱ्या हटवर सकाळी राख काढायचं काम माझ्याकडे होतं. राख करडी, थंडगार दिसत होती. मी हात वर धरून पाहिला, ऊब लागली नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत भरून ती लाकडी भिंतीशी ठेवली. दुपारी वारा सुटला आणि बादलीच्या तळातून धुराची एक बारीक, सरळ रेघ वर आली. भिंतीच्या दोन फळ्या काळ्या झाल्या, तेवढ्यावर निभावलं. राखेच्या पोटात निखारा दिवस-दिवस जिवंत राहतो. राख पत्र्याच्या बादलीतच काढायची, झाकण लावायचं, बादली दगडावर, भिंतीपासून लांब. पाणी आणि आग यांत हटला आगीचं भय जास्त, कारण विझवायला येणारं कुणी नसतं.

आणि बंद खोलीतली शेगडी. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. त्याची पहिली लक्षणं डोकेदुखी, मळमळ, सुस्ती अशी असतात, म्हणजे हुबेहूब उंची लागल्यासारखी. एकाच खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, किंवा बाहेर गेल्यावर बरं वाटतं आणि आत आलं की पुन्हा दुखतं, तर उंचीला दोष देऊ नका. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, शेगडी बंद करा. अलार्म असेल तर त्याचा सेल दर आठवड्याला बटण दाबून तपासा. नसेल तर स्वतःचा घेऊन जा, हातात मावतो.

हटमध्ये पोटाचा संसर्ग आला की आगीसारखा पसरतो: एक स्वयंपाकघर, दोन संडास, चाळीस माणसं. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर हाताला लावायचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. साबण आणि पाणीच हवं. पाणी कितीही तुटपुंजं असलं तरी हात धुण्याचं पाणी सर्वांत शेवटी कमी करायचं. स्वतः आजारी पडलात तर लक्षणं थांबल्यानंतरही ४८ तास स्वयंपाकघरात पाऊल टाकू नका. भरगर्दीत हे सांगायला जड जातं, पण सांगा.

नळ गोठेल अशी रात्र असेल तर नळी रिकामी करा किंवा नळ बारीक धारेवर सोडा. बर्फ होताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं आणि नळी फाटते. फाटलेली नळी बदलायला नवी नळी खालून यायची असते.

संडासाचं काम पाळीने करा आणि कुणावर एकट्यावर टाकू नका. कोरड्या संडासात प्रत्येक वेळी भुसा किंवा पालापाचोळा पडला पाहिजे, नाहीतर वास आणि माश्या. पाहुण्यांना हे हसतमुखाने, पण पहिल्याच वेळी सांगा.

माणसं

संध्याकाळी पाहुणे येतात ते थकलेले, भिजलेले, कधी घाबरलेले. त्यांना आधी गरम पेय, मग नोंदवही. नोंदवहीत नाव, किती जण, कुठून आले आणि उद्या कुठे जाणार, हे भरून घेतल्याशिवाय झोपू देऊ नका. कुणी पोचलं नाही तर शोध तिथूनच सुरू होतो.

उद्याचा रस्ता विचारला तर जे स्वतः पाहिलं आहे तेवढंच सांगा: ‘परवा ओढ्याला गुडघाभर पाणी होतं.’ ‘जमेल तुम्हाला’ असं कधीही म्हणू नका. तुमच्या तोंडून निघालेला तो एक शब्द लोक आधार धरून चालतात.

सोबत काम करणाऱ्यांशी खटके उडतात ते भांड्यांवरून, झोपेवरून, कोण जास्त उठतं यावरून. एका खोलीत, एका चुलीवर, सहा आठवडे. माझा अनुभव असा, की राग आला त्याच दिवशी, पण जेवणानंतर बोलावं. उपाशीपोटी काढलेला विषय भांडणच होतो. दिवसातून अर्धा तास एकटं बाहेर बसायची मुभा प्रत्येकाला असावी, हे पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्या.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घराची आठवण दाटून येते. पहिल्या आठवड्यात सगळं नवं असतं, शेवटच्यात परत जायची ओढ असते. मधले दिवस लांबतात. त्या दिवसांत हाताला बारीक काम ठेवा. मोजे रफू करणं, सुरीला धार लावणं, पत्र लिहिणं. खाली जाणारा एखादा पाहुणा पत्र नेऊन टाकतो. आईकडे माझी अशी अकरा पत्रं आहेत, काहींवर काजळीची बोटं उमटलेली.

काही बिघडलं तर

वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर बाहेरची सगळी माणसं आत घ्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा. आत असतानाही नळ, धातूच्या नळ्या आणि तारेने जोडलेली उपकरणं यांपासून दूर.

डोंगरात मदतीची खूण ठरलेली आहे: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, हाक किंवा प्रकाश, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीनदा. रात्री झोपायच्या आधी मी दारात उभी राहून दोन मिनिटं अंधारात बघते आणि ऐकते. सवय लावून घ्या.

हेलिकॉप्टर येणार असेल तर आवारातलं सगळं सैल सामान आत: कपडे, ताडपत्री, बादल्या. मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, इंग्रजी वाय अक्षरासारखे. नको असेल तर एक हात वर, एक खाली. पायलटने खूण केल्याशिवाय जवळ जायचं नाही. जायचं ते त्याच्या नजरेसमोरून, वाकून. उताराच्या वरच्या बाजूने किंवा शेपटीकडून कधीही नाही.

वायरलेसवर बोलायच्या आधी कागदावर लिहा: कुठे, काय झालं, किती जण, काय हवं, हवामान कसं. हात थरथरत असला तरी कागद वाचता येतो.

उतरायच्या आधी

तुमच्यानंतर येणाऱ्यासाठी हस्तांतराची वही लिहा, आणि ती शेवटच्या रात्री बसून लिहू नका. रोज दोन ओळी लिहीत गेलात की शेवटी आपोआप पूर्ण होते. शिधा किती उरला, कुठला सिलिंडर चालू आहे, कुठला नळ ठिबकतो, संडासाची कडी कशी बसते. माझ्या पहिल्या हटवर आधीच्या माणसाने पानाच्या कडेला लिहिलं होतं, ‘कोठीतली तिसरी फळी हलते, डावीकडे पाय ठेव.’ ते मी कधी न भेटलेलं माणूस. पहिल्या रात्री टॉर्च बंद पडली तेव्हा मी कोठीत डावीकडेच पाय ठेवला.

घरच्यांना परतीची तारीख सांगताना तीन दिवस पुढची सांगा. हवामान बिघडलं तर त्यांना वाट पाहावी लागत नाही. उतरताना घाई करू नका, गुडघे थकलेले असतात आणि मन आधीच घरी पोचलेलं असतं. रेंज आल्यावर शेकडो मेसेज एकदम येतील. ते वाचायच्या आधी बाजूला बसा, सॅक उतरवा आणि घरी फोन लावा.